ताटाचा हिशेब

उपाहारगृहाचा रोजचा कारभार संगणकाच्या प्रणालीवर चालविण्याची पद्धत आता मोठ्या शहरांपुरती उरलेली नाही. मुंबई-नाशिक महामार्गावर ती केव्हाच रुळली आहे. कसाऱ्याहून विहीगावमार्गे वर येणारा रस्ता पावसाळ्यात पर्यटकांच्या गाड्यांनी गजबजू लागला आहे. तेव्हा उद्या खोडाळ्याच्या नाक्यावरील एखाद्या हॉटेलातही ही प्रणाली दिसली तर नवल वाटण्याचे कारण नाही. यंत्र म्हटले की नाक मुरडावे, अशी समाजवाद्यांची भूमिका असू शकत नाही. परंतु ही प्रणाली कोणाच्या गरजेतून घडते, ती काय मोजते आणि जाब कोणाला विचारते, हे प्रश्न विचारल्यावाचून तिचे स्वागतही करता येणार नाही.

अशा प्रणालीची रचना समजण्यास अवघड नाही. वेटरने घेतलेली ऑर्डर एकाच वेळी भटारखान्यात आणि गल्ल्यावर पोहोचते. प्रत्येक पदार्थाला किती डाळ, किती तेल, किती कांदा लागावा याचे प्रमाण आधीच भरून ठेवलेले असते. ताट विकले गेले की कोठीतील शिलकेतून तेवढा माल आपोआप वजा होतो. रात्री प्रत्यक्ष माल मोजला जातो. यंत्रातील शिल्लक आणि कोठीतील शिल्लक यांत तफावत आढळली, तर आचाऱ्याला आणि पोऱ्यांना धारेवर धरले जाते. आचारी आगीपुढे किती तास उभा होता, त्याचा पगार कितव्या तारखेस झाला, त्याला आठवड्याची सुटी मिळाली की नाही, यांसाठी रकाना सहसा नसतो. हजेरीचा रकाना असतो, पण तो बहुधा पगार कापण्याच्या कामी येतो. यात प्रणाली लिहिणाऱ्या तरुणाचा दुष्टावा नाही. काम हाती घेताना त्याची पहिली बैठक मालकाशी होते आणि शेवटचीही मालकाशीच होते. भटारखान्यात जाऊन ‘तुम्हाला काय कळायला हवे?’ असे विचारण्याचे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

खाजगी मालकाच्या दुकानात हे व्हावे, यात अनपेक्षित काही नाही. परंतु खोडाळ्याच्या परिसरात सर्वांत अधिक माणसांना रोज जेवू घालणारी जागा नाक्यावरचे हॉटेल नव्हे. ती जागा म्हणजे पाड्यापाड्यावरची अंगणवाडी आणि आश्रमशाळेची भोजनशाळा. आणि तेथला मालक शासन आहे. दिवाळीनंतर घरातली कर्ती माणसे वीटभट्ट्यांवर निघून जातात, नागली-वरईची कणगी उन्हाळ्यापूर्वीच तळ गाठते, अशा मुलखात या जेवणाचे मोल काय, हे वेगळे सांगावयास नको. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. 2016 मध्ये मोखाडा तालुक्यातील बालमृत्यूंनी तोच प्रश्न पुन्हा वेशीवर टांगला. या दोहोंच्या दरम्यान, 2015 मध्ये, आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना दिवसातून एक वेळचे ताजे, चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना सुरू झाली. योजना चांगली आहे, याबद्दल दुमत नाही.

मात्र शासन मालक झाले तेव्हा त्याने हिशेबाची पद्धतही मालकाचीच उचलली. 1 मार्च 2021 पासून ‘पोषण ट्रॅकर’ ही केंद्राची प्रणाली अंगणवाड्यांवर आली. कोणते मूल आले, कोणाचे वजन किती भरले, कोणाला आहार दिला, याची नोंद सेविकेने मोबाईलवर करावयाची. ज्या डोंगरपाड्यात रेंज मिळविण्यासाठी टेकाड चढावे लागते, तेथे ही नोंद म्हणजे दुसरी चाकरीच होय. शासनाने दिलेले फोन इतके निकृष्ट निघाले की ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातील सेविकांनी ते परत करण्याचे आंदोलन केले. प्रणाली इंग्रजीत असल्याची त्यांची तक्रार मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. पुढे 1 जुलै 2025 पासून घरपोच आहारासाठी लाभार्थ्याचा चेहरा यंत्राकडून पडताळून घेणे सक्तीचे झाले. आहार दारात आला आहे, आई समोर उभी आहे, सेविका तिला नावानिशी ओळखते; पण यंत्राने ओळखले नाही तर तिची ओळख पुरेशी नाही, असा याचा अर्थ होतो. दुसरीकडे, हीच सेविका मानधनवाढीसाठी आणि ग्रॅच्युइटीसाठी 4 डिसेंबर 2023 ते 25 जानेवारी 2024 असे तब्बल 52 दिवस संपावर होती. तिची थकबाकी दाखविणारा चौकोन त्या पडद्यावर कोठेही नव्हता.

शिवभोजन थाळीचा अनुभव याहून बोलका आहे, कारण तेथे शासनाने खरोखरीच उपाहारगृहाची प्रणाली चालविली. 26 जानेवारी 2020 रोजी ही योजना सुरू झाली. दोन चपात्या, एक वाटी भाजी, वरण आणि भात, एवढे जेवण गरजूला 10 रुपयांत मिळावयाचे. थाळीची किंमत शहरी भागात 50 आणि ग्रामीण भागात 35 रुपये धरून उरलेली रक्कम शासनाने केंद्रचालकास द्यावयाची. जेवणाऱ्या प्रत्येकाचे छायाचित्र व नाव मोबाईलवर नोंदवावयाचे आणि त्या नोंदीवरून अनुदान ठरावयाचे. बनावट जेवणारे दाखवून पैसे लाटले जाऊ नयेत हा हेतू रास्तच होता. परंतु जेवणाऱ्याची नोंद ज्या क्षणी होते त्याच क्षणी शासनावर देणे चढते, याची जाणीव प्रणालीत नव्हती. 2025 मध्ये थकलेल्या अनुदानासाठी केंद्रचालकांना रस्त्यावर यावे लागले.

याचे अर्थशास्त्र सोपे आहे. ग्रामीण केंद्रावर दिवसाला 100 थाळ्या जातात असे धरले, तर थाळीमागे 25 रुपयांप्रमाणे शासनाचे देणे रोज 2,500 रुपयांनी वाढते. महिन्याचे 26 दिवस धरल्यास ही रक्कम 65,000 रुपये होते. तीन महिने अनुदान आले नाही तर ती 1,95,000 रुपयांवर जाते. केंद्र एखादा बचत गट चालवीत असेल, तर ही रक्कम त्या बायकांनी शासनाला दिलेले बिनव्याजी कर्ज ठरते. किराणा दुकानदार मात्र त्यांना उधारीवर व्याज लावतो. हॉटेलमालक डाळ महागली की दर वाढवितो. या बायकांना तीही मुभा नाही. मग एकच वाट उरते: वरण पातळ करणे. ताटातील वरण पातळ का झाले, याचे कारण प्रणाली भटारखान्यात शोधते. वास्तविक ते मंत्रालयात असते.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. गिरणगावातील खानावळवाल्या बायका महिनाभर गिरणी कामगारांना जेवू घालीत आणि पगाराच्या दिवशी पैसे घेत. मधल्या काळातील भांडवल सावकाराकडून येई आणि कष्टाचा मोठा वाटा व्याजात जाई. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले ते नेमक्या या जागी बोट ठेवून. राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळताच त्या बायकांची सावकाराच्या पाशातून सुटका होऊ लागली. त्यांच्या वहीत जेवणाऱ्याचे देणे लिहिलेले असे आणि वही त्यांच्या हाती असे. आज यंत्र अधिक कुशल झाले आहे. पण वही राबणाऱ्या बाईच्या हातून निसटली आहे.

कोणी म्हणेल, तळाशी चोरी होते म्हणूनच इतका बंदोबस्त लागतो. तळाशी चोरी होते हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु खालची पाच थाळ्यांची खोटी नोंद पकडणारी प्रणाली वरचा तीन महिन्यांचा विलंब पाहत नसेल, तर तिला हिशेबाची प्रणाली म्हणता येणार नाही. ती पाळत आहे. हिशेबाला दोन बाजू असतात, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षातला विद्यार्थीही सांगेल.

म्हणून मागणी यंत्र काढून टाकण्याची नाही, त्यात रकाने वाढविण्याची आहे. धान्य अंगणवाडीत कोणत्या तारखेस पोहोचावयास हवे होते आणि कोणत्या तारखेस पोहोचले, हा पहिला रकाना. आहार शिजविणाऱ्यांचे पैसे किती दिवस थकले आणि त्यावर व्याज किती झाले, हा दुसरा. सेविका-मदतनिसांचे मानधन केव्हा जमा झाले, हा तिसरा. आणि ज्या दिवशी जेवण शिजलेच नाही त्या दिवसाचे कारण, जबाबदार अधिकाऱ्याच्या हुद्द्यासह, हा चौथा. प्रणाली मराठीत असावी, रेंज नसताना चालावी आणि यंत्राने चेहरा ओळखला नाही म्हणून कोणाचेही ताट परत जाऊ नये. तिची घडण सुरू करताना पहिली बैठक सेविका, मदतनीस आणि आहार घेणाऱ्या माता यांच्याशी व्हावी.

यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने ठरलेले धान्य वा जेवण न मिळाल्यास भत्त्याचा हक्क दिला आहे आणि सामाजिक लेखापरीक्षणाची तरतूद केली आहे. 2005 च्या माहितीच्या कायद्यातील चौथे कलम शासनाने आपणहून माहिती उघड करावी असे सांगते. मोखाडा तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिलेले आहेत. महिन्याकाठी हे चार रकाने छापून ग्रामसभेत वाचून दाखवावेत, एवढेच करावयाचे आहे. त्यासाठी लागते ती राजकीय इच्छाशक्ती, आणि ती वरून आपोआप येत नसते. खोडाळ्याच्या परिसरातील ग्रामसभांनी या चार रकान्यांचा ठराव करून तो जिल्हा परिषदेकडे पाठवावा आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांनी त्याचा पाठपुरावा करावा. ताटात काय पडले हे शासनाला रोज कळते. ते का पडले नाही, हे गावालाही रोज कळले पाहिजे.