रण सरल्यावरची विद्या

लढण्याच्या कलांचा विषय निघाला की पहिला वाद वयावरून पेटतो. कराटे जुने की कुंग-फू? आणि कुंग-फू तरी आपल्याच बोधिधर्माने चीनला शिकवलेले ना? ही कथा आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. पण बोधिधर्म पाचव्या-सहाव्या शतकातला आणि शाओलिन मठातल्या कसरतींशी त्याचे नाव जोडणारे लिखाण सतराव्या शतकातले. हजार वर्षांनी जुळवलेल्या नात्यावर अभिमानाचा इमला टिकत नाही.

वय मोजण्याआधी युद्धकला म्हणायचे कशाला, ते ठरवावे. मारामारी उपजत येते, सैनिक कवायतीने तयार होतो. डावांना क्रम लागला, गुरू-शिष्यांची परंपरा उभी राहिली आणि समोरच्याचा जीव न घेता सराव करता येऊ लागला, की तिची विद्या होते. ही निकड बहुधा रणांगण हातचे गेल्यावरच भासते.

जपानमध्ये १८७६ साली सामुराईंच्या कमरेची तलवार कायद्याने उतरली. सहाच वर्षांनी जिगोरो कानो यांनी टोकियोत कोदोकान ही शिक्षणशाळा काढली. जुन्या जुजुत्सूतले जीवघेणे डाव त्यांनी मोकळ्या झुंजीतून वगळून ठरीव सरावापुरते ठेवले आणि ज्युदो घडवला. १९६४ मध्ये तो ऑलिंपिकमध्ये पोचला.

आपल्याकडेही वेगळे घडले नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांची वर्गवारी, आहार आणि मेहनत सांगितली. पण ती राजाच्या विनोदांच्या, म्हणजे करमणुकीच्या भागात. पेशवाई उतरणीला लागली असताना, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. प्रतिस्पर्ध्याच्या जागी लाकडी खांब आला.

दांडपट्टा हातात घेतला की ही विद्या कळते. मुठीवरचे लोखंडी आवरण कोपराकडे जाते, त्यामुळे मनगट वळवायला वाव नसतो. वार खांद्यातून, कमरेतून आणि पायांच्या पवित्र्यातून काढावा लागतो. १८१८ नंतर मराठ्यांच्या फौजा गेल्या, १८७८ च्या कायद्याने विनापरवाना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. तरी कोल्हापूरच्या तालमींतून हे पवित्रे मर्दानी खेळ म्हणून जगले. ते वस्तादांनी जगवले.

२०२४ साली शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. मान मिळाला, पण विद्या हयात माणसांकडून शिकावी लागते. कानोंनी पायऱ्या आखल्या, म्हणून ज्युदो जगभर शिकवता आला. आपल्या वस्तादांचे पवित्रे क्रमवार नोंदवून शाळांच्या मैदानावर त्यांना हक्काचा तास द्यावा. प्राचीनतेचे पोवाडे त्यानंतर खुशाल गावेत.