आधी ओळख, मग औषध

ताप आला की औषधांच्या दुकानातून चार गोळ्या मागून आणाव्यात आणि दोन दिवसांनी बरे वाटू लागताच उरलेल्या फेकून द्याव्यात, अशी रीत आपल्या समाजात रूढ झाली आहे. हा ताप कोणत्या जंतूमुळे आला, किंबहुना जंतूमुळेच आला काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. शत्रू कोण हे न जाणताच शस्त्र उपसण्याला कोणी शौर्य म्हणत नाही. मग औषधाच्याच बाबतीत हा अविचार आपण का चालवून घ्यावा?

जंतूची ओळख पटविणे सोपे नाही, हे खरे. सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळसे जंतू गोल किंवा दंडाकार दिसतात आणि तेही जवळजवळ पारदर्शक असतात. १८८४ साली हान्स क्रिश्चन ग्राम या डॅनिश संशोधकाने त्यांना रंगविण्याची एक युक्ती प्रसिद्ध केली. काचपट्टीवरील जंतूंना प्रथम जांभळा रंग द्यावयाचा, मग आयोडीन, आणि नंतर ते मद्यार्काने धुवावयाचे. जाड भित्तीचे जंतू जांभळे राहतात. पातळ भित्तीच्यांचा रंग धुऊन जातो व शेवटी दिलेला तांबडा रंग ते धारण करतात. एवढ्याशा परीक्षेने जंतूंचे दोन मोठे गट पडतात. क्षयाचा जंतू तेवढा या युक्तीला नीट दाद देत नाही. त्याच्यासाठी निराळी रीत योजावी लागते.

परंतु घराणे कळले म्हणून माणूस ओळखता येत नाही. विषमज्वराचा, म्हणजे टायफॉइडचा, जंतू आणि आपल्या आतड्यात नित्य वास्तव्य करणारा ई. कोलाय हे दोघेही दंडाकार व दोघेही गुलाबी! तेव्हा त्यांना मॅकाँकी अगारवर वाढवितात. त्यात दुग्धशर्करा असते. ई. कोलाय ती आंबवितो, म्हणून त्याच्या वसाहती गुलाबी होतात. टायफॉइडच्या जंतूला ती पचत नसल्याने त्याच्या वसाहती फिक्या राहतात. (जंतू वाढविण्यास अगार वापरावा ही सूचना फॅनी हेस या स्त्रीची, मुरंबा-जेलीच्या अनुभवातून तिला ती सुचली. स्वयंपाकघराला हिणविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) पुढे आणखी रासायनिक व रक्तरसाच्या परीक्षा होऊन नाव निश्चित होते, आणि कोणते औषध त्या जंतूची वाढ रोखते हेही पाहता येते.

यावर कोणी म्हणेल, या साऱ्याला दोन-तीन दिवस, कधी अधिकही लागतात. तोवर रोग्याने काय करावे? आक्षेप रास्त आहे. रोगी अत्यवस्थ असेल तर डॉक्टरांनी अनुमानाने औषध सुरू करणे योग्यच होय. मात्र शक्यतो त्यापूर्वी रक्ताचा नमुना घेतला पाहिजे, कारण औषध पोटात गेल्यावर रक्तातील जंतू वाढविणे कठीण होते. चार गोळ्या घेऊन मग दवाखान्यात येणारा रोगी स्वतःच्या हातांनी पुरावा पुसून आलेला असतो.

१८९६ सालच्या विडाल परीक्षेवर लोकांचा जो अतोनात विश्वास आहे, तोही मला पटत नाही. ती जंतू दाखवीत नाही. जंतूविरुद्ध रक्तात निर्माण झालेली द्रव्ये दाखविते, आणि ती पूर्वीच्या आजारामुळे किंवा लसीमुळेही असू शकतात. एकाच चिठ्ठीवरून 'टायफॉइड झाला' असा निर्णय देणे उतावळेपणाचे आहे.

२०१४ सालापासून अनेक प्रबळ प्रतिजैविके औषध नियमांच्या 'एच-१' अनुसूचीत आहेत आणि त्यांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने ठेवावयाची असते. पण नोंदवहीने जंतू ओळखता येत नाही. त्यासाठी परीक्षा पाहिजे, आणि तिची गोडी शाळेतच लागली पाहिजे. रोगजंतू शाळेत आणण्याचे मुळीच कारण नाही. ताकाचा एक थेंब, एक काचपट्टी, ग्रामचे रंग आणि शाळेचा चांगला सूक्ष्मदर्शक एवढे पुरे आहे. त्या थेंबातील दंडाकार जंतू जांभळे का राहिले, हे नववीच्या विद्यार्थ्याला स्वतः पाहून सांगता यावे. विज्ञान मंडळाने येत्या वर्षी हा प्रयोग अवश्य हाती घ्यावा.