हप्त्याच्या कागदावर आपलीही सही असते

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपल्याकडे म्हणतात. दोन्हींत माणसाची कसोटी लागते. पण अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात २००४-०५ च्या सुमारास अनेकजण घर बांधतही नव्हते आणि त्यात राहतही नव्हते. आज घ्यायचं आणि सहा महिन्यांनी नफ्यात विकायचं, असा सपाटा चालला होता.

फिनिक्स हे ॲरिझोना राज्यातलं, वाळवंटातलं शहर. उन्हाळ्यात पारा सहज पंचेचाळीसच्या वर. बरंचसं पाणी लांबच्या कोलोरॅडो नदीतून कालव्याने येतं. जमीन मात्र हवी तेवढी, त्यामुळे शहर चहूकडे पसरत गेलेलं. मग जिथे जागेला तोटा नाही, तिथे घरं महाग का व्हावीत?

कारण तोटा जागेचा नव्हता, धरबंध कर्जाला नव्हता. २००३ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने व्याजाचा दर १ टक्क्यावर आणला. कर्ज देणाऱ्या कंपन्या ती कर्जं पुढे दुसऱ्यांना विकून मोकळ्या होत. पैसे परत येवोत न येवोत, त्यांना काय! म्हणून पगाराचा पुरावाही न मागता कर्जं दिली गेली. पहिली दोन वर्षं हप्ता हलका, नंतर एकदम जड. २००५ मध्ये तर एका वर्षात घरांच्या किमती ४० टक्क्यांहून अधिक चढल्या. शाळेतल्या बाईंचा किंवा नर्सचा पगार काही तसा चढला नव्हता.

शहरात परवडेना म्हणून लोक लांब लांब जाऊ लागले. फिनिक्सच्या दक्षिणेला मॅरिकोपा नावाचं गाव आहे. २००० मध्ये तिथे जेमतेम हजार माणसं होती, २०१० मध्ये ४३ हजार झाली. नोकरी मात्र शहरातच. म्हणजे रोज पन्नासेक किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. हप्त्याच्या जोडीला पेट्रोल आलंच.

मग २००६ उजाडेपर्यंत व्याजदर वाढत गेले आणि त्या वर्षी सव्वापाच टक्क्यांवर पोचले. हलके हप्ते जड झाले. विकावं तर गिऱ्हाईक नाही. २०११ पर्यंत किमती निम्म्याहून खाली आल्या. घरापेक्षा कर्ज मोठं झालं. हजारो कुटुंबं घर सोडून गेली. मागे राहिलेल्या पोहण्याच्या तलावांत हिरवं पाणी साचलं, डास झाले, आरोग्य खात्याला साथीची धास्ती पडली.

‘लोकांना हाव सुटली होती’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. आमच्या बचत गटात पाच हजार रुपये मागणाऱ्या बाईलाही आम्ही विचारतो, ‘फेडणार कशातून?’ लाखो डॉलर देणाऱ्यांनी हा साधा प्रश्न विचारायचं सोडलं, हा खरा गुन्हा. आणि घेणाऱ्याच्या मनात भीती घातली गेली, की आत्ता नाही घेतलंत तर कधीच मिळणार नाही.

माझी मावसबहीण फिनिक्सजवळच्या चँडलरला राहते. तिने तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन मांडलं : घराचं भाडं एवढं, आणि तसंच घर विकत घेतलं तर हप्ता जवळपास दुप्पट. मग ती भाड्यानेच राहिली. ‘अजून भाड्यानेच का?’ असं ओळखीचे लोक हसून विचारायचे. २०११ मध्ये तिने झेपेल असं घर घेतलं. ती काही अर्थशास्त्र शिकलेली नाही. महिन्याचा किराणा बसवणारीला जमतो तोच हा हिशोब.

कुणी म्हणेल, पुढे किमती पुन्हा चढल्याच की! खरं आहे. २०२२ पर्यंत त्या जुन्या उच्चांकाच्याही वर गेल्या. पण त्याचा फायदा झाला कुणाला? मधली वर्षं ज्यांना हप्ता झेपला, त्यांना. ज्यांना नाही झेपला, त्यांचं घर तेव्हाच गेलं होतं.

घर घेऊच नका, असं मी मुळीच म्हणत नाही. रात्री-अपरात्री घराबाहेर काढलेल्या बायका मी पाहिल्या आहेत; हक्काच्या छपराचं मोल मला ठाऊक आहे. पण ॲरिझोनात संसाराचं सामाईक घर गहाण टाकायला नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. आपल्याकडेही महाराष्ट्रात २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणून कागदावर आपलं नाव येऊ लागलंय. चांगलंच आहे. पण नाव आलं की देणंही आलं.

तेव्हा मैत्रिणींनो, ‘इथे सही कर’ म्हणून कुणी बोट दाखवलं, तर आधी विचारा : याच घराचं भाडं किती? व्याज वाढलं तर हप्ता किती होईल? एकाचा पगार थांबला तर किती महिने निभेल? घरचे म्हणतील, ‘तुला काय कळतंय यातलं!’ म्हणू द्यात. उत्तरं मिळेपर्यंत पेनाचं टोपण काढू नका.