डोक्याला 'मुका मार' लागल्यानंतरचे पहिले २४ तास एवढे महत्त्वाचे का असतात?

गाडी घसरली, डोकं आपटलं, पण रक्त आलं नाही. मग भोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "काही नाही, मुका मार आहे." पाणी दिलं जातं, गाडी उभी केली जाते आणि पडलेला माणूस स्वतःच ती चालवत घरी जातो.

डोक्याच्या दुखापतीबद्दलचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच आहे. बाहेरची जखम केवढी दिसते, यावरून मेंदूला किती मार बसलाय ते कळत नाही. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या भरपूर असतात, त्यामुळे छोटी जखमही भळाभळा वाहते आणि बघणारे घाबरतात. कवटीच्या आत होणारा रक्तस्राव मात्र कुणालाच दिसत नाही.

चालत मैदानाबाहेर गेलेला खेळाडू

२० फेब्रुवारी १९९८. ढाक्यात क्लब क्रिकेटचा सामना सुरू होता. भारताकडून खेळलेले रमण लांबा बॅटरच्या अगदी जवळ, फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे होते. षटकाचे मोजकेच चेंडू राहिले होते, म्हणून त्यांनी हेल्मेट घातलं नाही. जोरात मारलेला चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला आणि उडून थेट विकेटकीपरच्या हातात गेला. बॅटर झेलबाद झाला. लांबा पडले, पण उठून स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले. थोड्याच वेळात त्यांची तब्येत ढासळली. ऑपरेशन झालं, तरी २३ फेब्रुवारीला त्यांचा मृत्यू झाला. वय होतं ३८.

मार्च २००९ मध्ये अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडात स्कीइंग शिकताना पडल्या. सुरुवातीला त्यांनी डॉक्टरी मदत नको म्हणून सांगितलं. नंतर डोकं दुखायला लागलं आणि दोन दिवसांनी त्या गेल्या.

आत नेमकं काय होतं?

कवटी म्हणजे झाकण न उघडणारा डबा. त्यात मेंदू पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. कानाच्या वर, कानशिलापाशी कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याला आतून चिकटून एक रक्तवाहिनी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटू शकते. मग कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साठत जातं. गाठ लहान असेपर्यंत माणूस बोलतो, चहा पितो, घरी फोन करतो. डबा मोठा होऊ शकत नाही, त्यामुळे गाठ वाढली की ती मेंदूला दाबते. मग श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणारा भागही दाबाखाली येतो. मधला 'ठीक असल्याचा' काळ काही मिनिटांचा असतो किंवा काही तासांचा. या वेळेत स्कॅन होऊन गाठ काढली गेली, तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. खरी हळहळ याचीच वाटते.

ज्येष्ठांमध्ये हेच फार सावकाश घडतं. आजोबा बाथरूममध्ये घसरतात, टेंगूळ येतं, विषय संपतो. दोन-तीन आठवड्यांनी ते विसरायला लागतात, चालताना एका बाजूला झुकतात, आणि घरचे म्हणतात, वय झालं! रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर हा धोका आणखी वाढतो.

घरी काय बघायचं?

डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हा पुन्हा उलटी, जीभ जड होणं, एका हातापायातली ताकद जाणं, फिट येणं, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं, कानानाकातून पाणी किंवा रक्त येणं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं. काही क्षण शुद्ध हरपली असेल किंवा अपघात कसा झाला ते आठवत नसेल, तर लक्षणं नसली तरी डॉक्टरांना दाखवायचं. दारू प्यायलेल्या माणसाच्या बाबतीत "उतरली की उठेल" हा अंदाज तर करूच नये.

'त्याला झोपू देऊ नका' हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. झोपेने रक्तस्राव होत नाही. भीती वेगळी असते: झोपलेला माणूस बेशुद्ध झाला तर कळणार कसं? म्हणून पहिल्या रात्री सोबत कुणीतरी हवं आणि हाक मारल्यावर तो नीट जागा होतोय ना, हे बघायला हवं. डॉक्टरांना न विचारता ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नये, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

हेल्मेटचं गणित

केंद्राच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा रस्त्यावर जीव गेला. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. हेल्मेटविरोधी आंदोलनं पाहिलेल्या पुण्याने या दुसऱ्या आकड्याकडे जरूर बघावं. हेल्मेटच्या आतला फोम स्वतः चेपतो आणि धक्का थोडा लांबवतो, एवढंच त्याचं काम. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पोचतं, आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत असलं तरी निकामी झालेलं असू शकतं.

स्कॅन नॉर्मल आला, मग?

तरीही मेंदूला धक्का बसलेला असू शकतो. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू लागल्यावर स्टीव्ह स्मिथ त्याच डावात परत बॅटिंगला आला. त्रास दुसऱ्या दिवशी जाणवला, आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. कसोटीतला हा पहिला 'कन्कशन' बदली खेळाडू.

ऑफिसात असा बदली मिळत नाही. अपघातानंतर महिनोन्‌महिने चिडचिड, विसरभोळेपणा, उजेडाचा आणि आवाजाचा त्रास राहू शकतो. शांत माणूस तापट होतो आणि घरच्यांना वाटतं, मुद्दाम करतोय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अपघाती मेंदू दुखापत असं वेगळं नाव नाही. अशा माणसाला प्रमाणपत्र हवं असेल, तर हातपाय लुळे पडणं, बोलता न येणं किंवा मानसिक आजार अशा यादीतल्या दुसऱ्या कुठल्यातरी प्रकारात बसावं लागतं.