प्लास्टिकला सोवळे कोणते?

शयनी एकादशीपासून चातुर्मासास प्रारंभ होतो आणि घरोघरी पोथ्या बाहेर निघतात. आमच्याही घरी पोथी निघाली. पण यंदा तिच्याबरोबर एक वादही निघाला. आमच्या सूनबाईंनी दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुतल्या, वाळविल्या, इस्त्रीच्या उष्णतेने एकमेकींस जोडल्या आणि त्या जाड पटाची पोथीसाठी पिशवी शिवली. चातुर्मासात आम्ही सायंकाळी मंदिरात पुराण सांगावयास जातो, तेव्हा पावसात पोथी भिजू नये, हा हेतू. आमच्या थोरल्या भगिनींनी ती पाहिली मात्र, “केरात जायची वस्तू देवघरात?” असे त्यांनी विचारले. निर्णयाचे काम अर्थातच आमच्याकडे आले.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात द्रव्यशुद्धीचा विचार आहे. धातू कशाने शुद्ध होतो, वस्त्र कशाने, हे द्रव्यागणिक सांगितले आहे; मातीचे भांडे तर पुन्हा भाजल्याने शुद्ध होते. प्लास्टिक स्मृतिकारांना ठाऊक असण्याचे कारण नाही. तथापि त्यांची रीत स्पष्ट आहे : आधी द्रव्याचा स्वभाव पाहावा, मग शुद्धी ठरवावी. म्हणून ती कृती आमच्यासमोर करावयास आम्ही सूनबाईंस सांगितले.

त्यांनी पिशव्यांच्या जोडाच्या कडा कापून सपाट तुकडे केले. तीन-चार पदर एकावर एक ठेवले. छापलेली बाजू आत, नाहीतर शाई कागदास चिकटते. खाली-वर बटर पेपर घालून मध्यम तापलेली इस्त्री, पाण्याची वाफ न सोडता, सारखी फिरती ठेवली. ही पिशवी पॉलिथिनची. ते सुमारे ११० अंश सेल्सिअसला मऊ होऊन वितळू लागते, म्हणजे उकळत्या पाण्याहून थोडेच अधिक. उष्णता कमी पडली तर पदर सुटतात, जास्त झाली तर पट आक्रसून भोके पडतात. कागद सोलावयाचा तो पट निवल्यावरच. शिवताना टाका लांब हवा. आखूड टाक्यांनी तो टपालाच्या तिकिटासारखा फाटतो. खिडक्या मात्र उघड्या असाव्यात आणि उग्र वास येताच हात थांबवावा. पीव्हीसीची आच्छादने तर इस्त्रीजवळही नेऊ नयेत. त्यांतून तापल्यावर आम्लवायू सुटतो.

आमचा निर्णय असा. पोथीचे बाहेरचे आवरण म्हणून पिशवी मान्य; आत सुती बासन हवेच, आणि घरी येताच पोथी बाहेर काढावी, कारण प्लास्टिकमध्ये ओल कोंडते व कागदास बुरशी लागते. नैवेद्य व प्रसाद यांना ती वर्ज्य. वापरलेल्या पिशव्या आणि त्यांची शाई अन्नासाठी नव्हे. पूजेचे आसनही नको. गीतेच्या सहाव्या अध्यायातील आसन कुश, अजिन आणि वस्त्र यांचे आहे. येथे तर घाम जिरत नाही आणि शेजारी निरांजन तेवत असते. भगिनींना हे पटले. सूनबाईंस थोडे वाईट वाटले, कारण आसनही शिवून तयार होते.

आमची खरी हरकत निराळीच आहे. ही पिशवी पाहून शेजारच्या एका भगिनींनी दुकानात मुद्दाम दोन पिशव्या जास्त मागून घेतल्या, ‘पुढे काहीतरी करता येईल’ म्हणून. पद्मपुराणात दहा नामापराध सांगितले आहेत. नामाच्या बळावर पाप करणे हा त्यांतला एक. कीर्तनाच्या पूर्वरंगात आम्ही तो वर्षानुवर्षे सांगत आलो, पण त्याचे इतके ताजे उदाहरण आम्हांस कधी मिळाले नव्हते! जोडलेली पिशवी काही नाहीशी होत नाही. तिचे केरात जाणे चार-पाच वर्षे लांबते, इतकेच. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तरी वारकरी परतल्यावर चंद्रभागेच्या वाळवंटात काय उरते ते आम्ही पंढरपूरकर पाहतोच. बुक्का, तुळस आणि लाह्या कापडी पिशवीतूनही घरी येतात.

इकडे भगिनींनी दुधासाठी पितळी चरवी पुन्हा घासून काढली असून त्या स्वतःच गवळ्याकडे जातात. सूनबाईंस आता पट करावयास पिशव्या अपुऱ्या पडतात, आणि आमच्या दुसऱ्या पोथीचे आवरण अर्धेच राहिले आहे.