पितृऋणाची उलटी वसुली

नागपूर-बल्लारपूर लोहमार्गावर वरोरा मागे पडले की माजरी जंक्शन लागते. येथून एक फाटा वणीकडे वळतो. फलाटावरून नजर टाकावी तिकडे कोळशाची काळी धूळ आणि खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर दिसतात. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या माजरी क्षेत्राने या परिसरातील हजारो कुटुंबांना अर्धशतकाहून अधिक काळ अन्न दिले. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि खाणकामगाराच्या जीवनाला प्रथमच स्थैर्य आले. नियमित वेतन, वसाहतीतील घर, औषधोपचार, भविष्य निर्वाह निधी या सोयी त्याच्या पदरात पडल्या. त्यासाठी त्याने मोल दिले ते आपल्या फुप्फुसांचे, गुडघ्यांचे आणि रात्रपाळीत जागवलेल्या असंख्य रात्रींचे.

त्या पिढीतील प्रत्येक बापाची एकच इच्छा होती. आपल्या पोराला या काळोखात उतरावे लागू नये. इच्छा अत्यंत स्वाभाविक आणि उदात्त होती. परंतु ती पूर्ण करताना एक गफलत झाली. मुलाला खाणीपासून दूर ठेवता ठेवता त्याला कष्टांपासूनच दूर ठेवले गेले. त्याचे परिणाम आज केवळ माजरीत नव्हे, तर भद्रावती, घुग्घुस, बल्लारपूरपासून पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू सदनिकांपर्यंत सर्वत्र दिसू लागले आहेत.

चित्र ओळखीचे आहे. पंचविशी ओलांडलेला मुलगा सकाळी दहाला उठतो. पहिल्या पाळीवरून बाप परततो तेव्हा हा दुचाकी घेऊन बाहेर पडलेला असतो. दुचाकीचा हप्ता बापाच्या वेतनातून जातो, पेट्रोलचे पैसे आईच्या डब्यातून. पदवी अर्धवट सुटलेली असते किंवा पूर्ण होऊन कोनाड्यात पडलेली असते. दहा-बारा हजारांचे काम सुचवले तर त्याला कमीपणा वाटतो. नकार मिळाला की ताट भिरकावले जाते, अबोला धरला जातो, प्रसंगी जिवाचे बरेवाईट करून घेण्याची धमकीही दिली जाते. मग आई नवऱ्यापासून लपवून पैसे देते आणि वर ‘तुम्ही त्याला उगाच बोलता’ असे नवऱ्यालाच सुनावते. पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली; तोपर्यंत किती घरांतील ठेवी या खेळांत बुडाल्या, याचा हिशेब त्या घरांनाच ठाऊक.

वारसाहक्काची नोकरी

कोळसा वसाहतींत या प्रश्नाला आणखी एक धारदार पदर आहे. राष्ट्रीय कोळसा वेतन करारानुसार कामगाराचा सेवेत मृत्यू झाला किंवा तो वैद्यकीयदृष्ट्या कायमचा अपात्र ठरला, तर त्याच्या अवलंबितास नोकरी मिळण्याची तरतूद आहे. कर्ता पुरुष गेलेल्या घरात चूल पेटती राहावी, हा या तरतुदीमागचा कनवाळू हेतू. अनुकंपा नियुक्ती हा वारसाहक्क नव्हे, संकटात सापडलेल्या कुटुंबाला दिलेला तो आधार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच उमेशकुमार नागपाल प्रकरणात स्पष्ट केले आहे. तथापि काही घरांत या आधाराकडे पाहण्याची दृष्टी पार बदलली. ‘बाबा, तुम्ही अनफिट होऊन जा, म्हणजे माझे काम होईल,’ असे धडधाकट बापाला सांगताना मुलाची जीभ अडखळत नाही. बापाचे वय साठीकडे सरकू लागले की घरात त्याच्या प्रकृतीची चौकशी वाढते. पण ती नेहमीच मायेपोटी असते असे नाही.

ही वृत्ती कोणत्या थराला जाऊ शकते, हे नोव्हेंबर २०२० मध्ये झारखंडमधील रामगढ जिल्ह्यात दिसले. बरकाकाना येथे सेंट्रल कोलफील्ड्सच्या सेवेतील ५५ वर्षांच्या सुरक्षारक्षकाचा गळा चिरून खून झाला. त्याच्या ३५ वर्षांच्या बेरोजगार मुलाला पोलिसांनी अटक केली. अनुकंपेची नोकरी मिळावी म्हणून त्याने पित्याचा जीव घेतला, असे पोलिसांचे म्हणणे होते. रामगढ माजरीपासून शेकडो मैल दूर आहे. परंतु कोल इंडियाच्या छत्राखालील कंपनी तशीच, वेतन करार तोच आणि वसाहतीतील घरांची रांगही तशीच. लाखांत एखाद्या घरी घडणाऱ्या या अघोराची मुळे मात्र हजारो घरांतील रोजच्या मुकाट शरणागतीत रुजलेली असतात.

ज्यांची जमीन खाणीत गेली, त्यांच्या घरीही हेच दुखणे वेगळ्या रूपाने येते. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणानुसार दोन एकरांमागे एक नोकरी मिळू शकते. जमीन बापाची, नोकरी मात्र एका मुलाच्या नावे लागते. नोकरी लागेपर्यंत आईबाप आणि भावंडे यांना सांभाळण्याच्या शपथा घेतल्या जातात. नोकरी लागली की वेगळी चूल मांडली जाते. शेत गेलेला म्हातारा शेतकरी ना शेताचा राहतो, ना नोकरीचा.

येथे न्यायाने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सगळेच बेकार तरुण आळशी नाहीत. एकेकाळी कोल इंडियाचे मनुष्यबळ सहा लाखांहून अधिक होते. आज ते सव्वादोन लाखांच्या आसपास आले आहे. भूमिगत खाणी बंद पडल्या, खुल्या खाणींत अजस्र यंत्रे आली, कामे कंत्राटदारांकडे गेली. प्रामाणिकपणे काम शोधूनही हात रिकामे राहिलेला तरुण समाजाच्या सहानुभूतीस पात्र आहे. परंतु तो ओळखण्याची खूण सोपी आहे. नोकरी नसली तरी तो रिकामा नसतो. तो आजोबांना दवाखान्यात नेतो, दळण आणतो, धाकट्या बहिणीचा अभ्यास घेतो, मिळेल त्या कंत्राटी कामावर जातो आणि आलेले पैसे आईच्या हाती ठेवतो. हा लेख त्याच्याविषयी नाही.

दोष कोणाचा?

या साऱ्याचे खापर पाश्चात्त्य चंगळवादावर, दूरचित्रवाणीवर वा मोबाइलवर फोडणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. जपानी समाजशास्त्रज्ञ मासाहिरो यामादा यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस आईबापांच्या जिवावर चैनीत राहणाऱ्या प्रौढ मुलांना ‘परजीवी’ म्हटले. इटलीच्या अर्थमंत्र्यांनी २००७ मध्ये घर न सोडणाऱ्या तरुणांना ‘मोठी बाळे’ म्हटले आणि तेथे गदारोळ उडाला. अर्थात कुटुंबाची ऊब जेथे जेथे टिकून आहे, तेथे तेथे तिचा गैरफायदा घेणारेही निपजतात. दोष उबेचा नाही. उबेसोबत कर्तव्य न शिकवण्याचा आहे.

समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खांची लक्षणे सांगताना सुरुवातच जन्मदात्यांशी विरोध करणाऱ्यापासून केली. पण आपल्या परंपरेने आईबापांनाही मोकळे सोडलेले नाही. धृतराष्ट्राला धर्म कळत नव्हता असे नाही. विदुराने तो वारंवार सांगितला, त्याला तो पटतही होता. तरीही दुर्योधनापुढे त्याची मान खाली गेली आणि शंभर मुलांचे कलेवर त्याला पाहावे लागले. ‘पोरगा दुखावेल’ या भीतीने प्रत्येक हट्ट पुरवणारा बाप आणि त्या पोराच्या चुकांवर पांघरूण घालणारी आई हीच वाट चालत असतात.

याउलट सांदीपनींच्या आश्रमातील श्रीकृष्ण पाहावा. ज्याच्या घरी कशाची वाण नव्हती, तो सुदाम्यासमवेत इंधनासाठी रानात गेला आणि वादळी पावसात रात्रभर भिजला. गुरुकुलात राजपुत्र आणि दरिद्री ब्राह्मणपुत्र यांच्या डोक्यावर मोळी सारखीच असे. श्रम हा दारिद्र्याचा दंड नसून शिक्षणाचा भाग आहे, ही दृष्टी आपण गमावली.

याच मुलखात तिचे एक आधुनिक उदाहरण आहे. बाबा आमटे श्रीमंत जमीनदार घराण्यात जन्मले. तरुणपणी मोटार आणि शिकार यांचा षौक त्यांना परवडत होता. तेच मुरलीधर आमटे वरोऱ्याच्या सफाई कामगारांबरोबर डोक्यावर मैल्याची टोपली घेऊन फिरले आणि पुढे त्याच गावाजवळ आनंदवन उभे राहिले. १९७३ मध्ये भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आमटे यांनी त्याची धुरा खांद्यावर घेतली. वैचारिक मतभेद कोणाचे काही असोत. पित्याकडून पैसा नव्हे तर कामाचा वारसा मागणारा पुत्र कसा असतो, हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या तरुणाला शोधायला दूर जावे लागत नाही.

कायदा आणि कुटुंब

२००७ मध्ये केंद्राने मातापिता व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा केला. उपविभागीय स्तरावरील न्यायाधिकरणाकडे ज्येष्ठांना दाद मागता येते. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळू शकते. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका मातेचे बक्षीसपत्र रद्द करून घर तिला परत देवविले. मात्र ही अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असणे हितावह, हा धडा त्याच न्यायालयाच्या २०२२ च्या निवाड्यातून मिळतो. आईबापांच्या स्वकष्टार्जित घरात राहण्याचा मुलाला कायदेशीर हक्क नाही, तो केवळ त्यांच्या मर्जीने राहू शकतो, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बजावले. लातूर जिल्हा परिषदेने तर २०२० मध्ये आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून ३० टक्के कपात सुरू केली.

हे सारे स्वागतार्ह आहे. तरीही मुलाविरुद्ध अर्ज लिहिताना आईचा हात थरथरतो आणि बहुतेक अर्ज लिहिलेच जात नाहीत. न्यायाधिकरण निर्वाहाची रक्कम ठरवू शकेल. संध्याकाळी बापाजवळ बसायला मुलाला भाग पाडू शकणार नाही. म्हणून खरी उपाययोजना घरातच, आणि तीही मूल लहान असतानाच व्हायला हवी.

संघाने शताब्दी वर्षात ज्या पंच परिवर्तनांचा आग्रह धरला, त्यांत कुटुंब प्रबोधन आहे. आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसून भोजन आणि संवाद करावा, ही त्यातील साधी अपेक्षा. त्या बैठकीत घराचा जमाखर्च मुलांसमोर मांडावा. बापाच्या वेतनातून किती कापले जाते, औषधाला किती लागतात, निवृत्तीनंतर हाती काय राहणार, हे सोळा वर्षांच्या मुलाला आणि मुलीला सारखेच ठाऊक असावे. घरकाम लेकीच्या वाट्याला आणि लाड लेकाच्या, ही वाटणी थांबवावी. शिक्षण संपलेल्या मुलाने कमाई कितीही अल्प असली तरी तिचा वाटा घरात द्यावा. बापाने ग्रॅच्युइटीची रक्कम भावनेच्या भरात मुलाच्या धंद्यात ओतू नये आणि हयातीत घर नावावर करू नये. आईने लपवून पैसे देणे आजपासून बंद करावे. आणि शेजारच्या घरी बाप अपमान गिळतो आहे हे ठाऊक असलेल्या कार्यकर्त्याने ‘त्यांचा घरगुती मामला’ म्हणून दार लावून घेऊ नये. त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला कामापर्यंत घेऊन जावे.

मुलगा बिघडला म्हणजे सर्व संपले असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्राचे आराध्य दैवत ज्याच्यासाठी विटेवर उभे राहिले, तो पुंडलिक कथेत आरंभी आईबापांना छळणारा पुत्रच होता. तो बदलला आणि त्यांची सेवा करताना त्याने देवालाही थांबवून ठेवले. दर आषाढीला माजरी परिसरातूनही वारकरी पंढरीची वाट धरतात. परतल्यावर त्यांनी ही कथा आपल्या तरुण मुलाला पूर्ण सांगावी, तिचा पहिला भाग न वगळता.