दुरुस्तीचा हक्क कोणाचा?

अमेरिकेतील मिशिगन राज्यात स्थायिक झालेल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे सविस्तर पत्र नुकतेच आले. पत्रात राजकारणाचा एक शब्दही नव्हता. आपल्या जुन्या मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल आणि तळाचा पॅन एका रविवारी त्याने घराच्या अंगणात स्वतःच्या हाताने बदलला, एवढीच हकिगत होती. तरीही ते पत्र वाचताना, जो विषय मी तीस वर्षे फळ्यावर खडूने शिकवला तोच विषय हा मुलगा मोटारीखाली उताणा पडून शिकला, असे मला वाटले. म्हणून ही हकिगत कार्यकर्त्यांपुढे मांडतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोटारींत मोठ्या प्रमाणावर आणला तो जनरल मोटर्सने. त्यांची 'हायड्रामॅटिक' ही पेटी १९३९ साली बाजारात आली. या पेटीत तेल केवळ वंगणाचे काम करीत नाही. तेच शक्ती वाहून नेते, तेच क्लच दाबते आणि तेच उष्णता बाहेर काढते. वापराने ते तापते, लालसर रंग सोडून काळपट होते आणि करपल्याचा वास देऊ लागते. जुन्या मोटारींत पेटीच्या तळाला पत्र्याचा पॅन असे. बोल्ट सोडवावेत, पॅन धुवावा, आतली गाळणी व गॅस्केट नवे घालावे, तेल ओतावे आणि डिपस्टिकने पातळी पाहावी. सामान्य माणसाला जमेल असे हे काम होते.

माझ्या विद्यार्थ्याच्या मोटारीत मात्र डिपस्टिकच नव्हती. पॅन प्लॅस्टिकचा, आणि गाळणी त्यातच कायमची बसवलेली. अर्थात काही रुपयांची गाळणी बदलायची तर सगळा पॅन टाकून नवा विकत घ्यावा लागतो. पातळी पाहायची तर इंजिन चालू ठेवून, तेलाचे तापमान ठरावीक अंशांच्या मर्यादेत असताना भरण्याच्या भोकातून ते जेमतेम ओघळू लागते की नाही ते पाहायचे. आणि ते तापमान कळण्यासाठी गाडीच्या संगणकाशी बोलणारे यंत्र हवे. प्लॅस्टिक हलके असते, वजन घटले की इंधन वाचते, हे कारखानदारांचे म्हणणे खोटे नाही. परंतु हलकेपणाच्या सोयीबरोबर ग्राहकाच्या हातातील पाना कसा गळून पडतो, याकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने दुर्लक्ष करता कामा नये.

याहून उद्बोधक गोष्ट पुढेच आहे. मोटारीच्या माहितीपुस्तिकेत हे तेल 'आजन्म' टिकणारे, बदलण्याची गरज नसलेले, असे म्हटले होते. आजन्म म्हणजे कोणाच्या जन्मापर्यंत? जगातील अनेक मोटारींना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतःच्या पेट्यांचे तेल वापराच्या स्वरूपानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांनंतर, अथवा आठ वर्षांनी, बदलावे असे सांगते. तशाच पेट्या बसवणारे काही मोटारनिर्माते मात्र ग्राहकाला 'आजन्म' हा शब्द ऐकवतात. या विसंगतीचा उलगडा तंत्रशास्त्रात नाही, तो वर्गसंबंधांत आहे. नवी मोटार घेणारा सधन मनुष्य चार-पाच वर्षांत ती विकतो. देखभालीचा खर्च नाही, हे ऐकून तो खूश असतो. तेल करपते, पेटी झिजते ती दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात. हा मालक म्हणजे जुनी गाडी घेणारा कामगार, टॅक्सीवाला, लहान दुकानदार. पहिल्याच्या सुखाचे बिल दुसऱ्याला भरावे लागते, आणि बिल येते ते तेलाचे नव्हे, सबंध गिअरबॉक्सचे.

हॅरी ब्रेव्हरमन हा स्वतः तांबटकाम शिकलेला अमेरिकन समाजवादी. १९७४ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने दाखवून दिले की, मक्तेदार भांडवलशाही कामाची आखणी आणि कामाची कृती यांची फारकत करते. ज्ञान वर व्यवस्थापनाच्या कपाटात जाते आणि खाली उरतात नुसते हात. कारखान्यात घडलेली ती प्रक्रिया आता कारखान्याच्या फाटकाबाहेर आली आहे. वस्तू विकली गेली तरी तिचे ज्ञान विकले जात नाही. खासगी मालमत्तेच्या पावित्र्याची ग्वाही देणारी भांडवलशाहीच ग्राहकाला सांगते की, मोटार तुझी, पण ती उघडण्याची किल्ली आमची!

याविरुद्ध अमेरिकेतच लोकांनी लढा दिला, हे नमूद केले पाहिजे. विशिष्ट कंपनीचाच सुटा भाग अथवा विशिष्ट कार्यशाळाच वापरली पाहिजे, अशी अट घालून हमी नाकारण्याला १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने आळा घातला. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली जनमताने मोटारदुरुस्तीच्या हक्काचा प्रस्ताव प्रचंड बहुमताने मंजूर झाला. २०२० साली मोटारीतून बिनतारी मार्गाने जाणाऱ्या माहितीपर्यंत तो हक्क वाढवण्याच्या बाजूने सुमारे तीन-चतुर्थांश मतदारांनी कौल दिला. कारखानदार लगोलग न्यायालयात गेले. २०२३ साली कोलोरॅडो राज्याने शेतकऱ्यांना ट्रॅक्टर व शेतीयंत्रे दुरुस्त करण्याचा हक्क कायद्याने दिला. ट्रॅक्टरच्या संगणकाला कुलूप असले तर काढणीच्या हंगामात शेतकऱ्याचे काय होते, हे विदर्भ-मराठवाड्यातील कार्यकर्त्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे काय स्थिती आहे? २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग व तपासणीची साधने खुल्या बाजारातील गॅरेजांना मिळू न देणे, हा त्यांच्यावरील ठपका होता. पुढे प्रकरण अपिलांच्या वाटेने गेले. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, संकेतस्थळही उघडले. परंतु समिती म्हणजे कायदा नव्हे, आणि संकेतस्थळ म्हणजे हक्क नव्हे.

एक आक्षेप आपल्यातीलच काही साथी घेतील. स्वतःची मोटार स्वतः दुरुस्त करणे हा सुखवस्तूंचा छंद, त्यात समाजवाद कोठे? आक्षेपात तथ्य आहे. अमेरिकेत मनुष्य मोटारीखाली शिरतो तो प्रामुख्याने तेथे मिस्त्रीचा तास महाग आहे म्हणून. आपल्याकडे मालक शिरत नाही, कारण येथे मिस्त्रीचा तास स्वस्त आहे आणि तेलाने हात काळे करणे हे 'त्यांचे' काम, असे जातीने आपल्या हाडांत भिनवले आहे. श्रमप्रतिष्ठेवर शेकडो व्याख्याने देणाऱ्या प्रस्तुत लेखकाने साठी उलटेपर्यंत हातात पाना धरला नाही, ही कबुली येथे देणे प्राप्त आहे.

म्हणूनच येथील प्रश्न अंगणातील हौशी माणसाचा नसून रस्त्याकडेच्या गॅरेजचा आहे. बारा-चौदा वर्षांच्या उमेदवारीने आवाजावरून बिघाड ओळखणारा फिटर नव्या गाडीपुढे निरक्षर ठरतो. त्याची बुद्धी कमी पडत नाही; वाचायचे पुस्तकच कुलूपबंद आहे. तो बेकार होईल आणि त्याची आकडेवारी कोणत्याही तक्त्यात दिसणार नाही.

तेव्हा पक्षाने तीन मागण्या हाती घ्याव्यात. दुरुस्तीची माहितीपुस्तिका मराठीसह सर्व भारतीय भाषांत देणे विक्रेत्यावर बंधनकारक असावे. सुटे भाग व तपासणी-यंत्रे वाजवी दराने कोणत्याही गॅरेजला मिळावीत. वापरलेले तेल गटारात न जाता गोळा करण्याची केंद्रे नगरपालिकांनी चालवावीत. कारण हक्काबरोबर जबाबदारीही येते, आणि ते विष शेवटी झोपडपट्टीच्याच विहिरीत उतरते.

माझ्या विद्यार्थ्याने लिहिले आहे की गाडी चार स्टँडवर सपाट उभी केली, नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली जाऊ नये. स्टँड शेजारच्या निवृत्त मोटारकामगाराने दिले, आणि एक सूचनाही केली: जुने तेल काढण्याआधी भरण्याचे झाकण उघडते का ते पाहा. ते गंजून बसले असेल आणि तू तळ आधीच रिकामा केला असशील, तर गाडी अंगणातच बसेल. पॅनमधल्या चुंबकावर नुसती बारीक राखाडी चिकटण होती, धातूचे तुकडे नव्हते. पेटी अजून शाबूत आहे, असा त्याचा अर्थ त्या वृद्धानेच सांगितला.

कुठल्याही माहितीपुस्तिकेत न मिळालेले हे ज्ञान एका कामगाराने कुंपणावरून फुकट दिले. ज्ञान असे हातोहात जाते तेव्हा त्यावर कोणाची मक्तेदारी चालत नाही. आणि त्याची ती सूचना, जुने ओतून देण्याआधी नवे भरण्याची वाट मोकळी आहे ना ते पाहण्याची, परिवर्तनाची भाषा बोलणाऱ्या आपल्या सर्वांनीच ध्यानात ठेवण्याजोगी आहे.